बिनजंताची

शाळेतल्या मुलांच्या तपासणीचा निकाल सोमवारी आला. शाळेतल्या सगळ्या मुलांच्या पोटात जंत निघाले. माझ्या पोटात निघाले नाहीत.

तेव्हा मी चौथीत होते आणि माझी बहीण दुसरीत. ती यंदाच्या हिवाळ्यात गेली. तेराव्याला तिच्या गावच्या बायका जमल्या होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते. एक बाई दुसरीला म्हणाली, "लहानपणी लय बिमार राहे म्हणते. मायनं जीव टाकून वाढवली." ती बाई आई गेल्यानंतर सून होऊन त्या गावात आलेली, तिने आमच्या आईला कधी पाहिले नव्हते. तरी ते वाक्य ऐकून मला हेवा वाटला. बहिणीच्या तेराव्याला तिचा हेवा वाटावा हे कुणाला सांगण्यासारखे नाही, पण वाटला खरा. तो नवा नव्हता. तो कुठून येतो ते मला पक्के ठाऊक आहे, आणि आता ते लिहून ठेवायला माझ्यापाशी वेळ आहे.

आमचे गाव सेलूहून सिंदीकडे जाणाऱ्या वाटेवर होते. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षे झाली होती. बाबा गावच्या शाळेत हेडमास्तर होते. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक लांब ओसरी. गावाबाहेर दोन बांधांच्या मधून शेताकडे जाणारी पांदण होती आणि सगळे गाव सकाळी तिथेच बसायचे. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि मुले वाटेत जागा मिळेल तिथे. आम्ही अनवाणी जायचो आणि अनवाणी यायचो. चपला लग्नकार्यासाठी असत.

जंत हा आजार आहे असे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. पोर झोपेत दात खाऊ लागले, नाक चोळू लागले, भिंतीची माती खरवडून खाऊ लागले की बायका म्हणायच्या, जंत झाले असतील, आणि पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. पांदणीत एखाद्या मुलाला जंत पडला तर तो इतरांना हाक मारून दाखवायचा. मुलगे त्यात चढाओढ करत. "माह्याच्याएवढा कोणाचा निंघते सांगा," असे एकजण म्हणायचा आणि बाकीचे खाली मान घालून पाहायचे. पोटातल्या जंतांनीच अन्न पचते असेही काही म्हाताऱ्या ठासून सांगत.

त्या वर्षी नागपूरहून एक डॉक्टर आणि त्यांचे दोन मदतनीस आले. गावोगावच्या मुलांत जंत किती आहेत ते पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी शाळेतल्या प्रत्येक मुलाला एकेक रिकामी काड्यापेटी द्यायचे ठरवले होते. पेटीत काय आणायचे ते बाबांनी वर्गात सांगितले तेव्हा मुले इतकी हसली की बाबांना छडी टेबलावर आपटावी लागली. पेट्या पुढच्या आठवड्यात मिळणार होत्या.

संध्याकाळी बाबांनी घरी आईला हे सांगितले. आई भाकरी थापत होती. तिने विचारले, "म्हंजे आपल्या पोरींचंबी पाहतीन?"

"पाहणारच. हेडमास्तरच्याच पोरी वगळल्या तर गाव काय म्हणेल?"

आईने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. पण तिच्या डोक्यात काय चालले होते ते मला दुसऱ्या दिवशी कळले. पाहुणे यायचे असले की आई आदल्या दिवशी अंगण सारवायची, भांडी चिंचेने घासायची, गोधड्या उन्हात टाकायची. कुणी बाहेरचा माणूस घर पाहायला येणार असेल तर घर आवरून ठेवायचे, एवढे तिला माहीत होते. आता बाहेरचा माणूस पोरींची पोटे पाहायला येणार होता. तेव्हा तिने पोटे आवरायला घेतली. पाहायला येणाऱ्याला न आवरलेलेच पाहायचे असते हे तिच्या ध्यानात आले नाही. मला वाटते, आमच्या गावातल्या कुठल्याच बाईच्या आले नसते.

तिच्याकडे पळसाच्या बिया होत्या. वाळलेल्या, चपट्या, तांबूस. शिमग्यानंतर पळसाला शेंगा लागल्या की ती त्या गोळा करून ठेवायची. रात्रीच्या जेवणानंतर तिने आम्हा दोघींना गुळाचा एकेक खडा दिला. गुळाच्या वासाने जंत एका जागी गोळा होतात, मग औषध त्यांना गाठते, असे ती म्हणाली. बहिणीने गूळ खाल्ला आणि आणखी मागितला. सकाळी बाबा शाळेत गेल्यावर आईने बिया वाटल्या, त्यात मध घातला आणि बशी घेऊन ती चुलीपुढे बसली.

पहिली पाळी बहिणीची होती. तिने पहिले बोट तोंडात घेतले आणि थुंकून टाकले. आईने पुन्हा चाटवले. ती रडायला लागली, ओकारी काढू लागली, तिच्या नाकातून पाणी आले. आई तिच्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "राहू दे. लहानी हाय थे. मोठे, तू ये."

मी गेले. आईने डाव्या हाताने माझी हनुवटी धरली आणि उजव्या हाताने चाटण माझ्या तोंडात घातले. ते कडू आणि तुरट होते. मी गिळले. मधून मधून थांबून तिने सगळे मला चाटवले आणि प्रत्येक वेळी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माही शहाणी पोरगी," असे ती म्हणाली. नंतर कोमट पाण्यातून एरंडेल पाजले, तेही मी प्यायले. बहीण दारात उभी राहून पाहत होती. त्या सकाळी तिला बाजूला राहून पाहावे लागले आणि आई माझ्याजवळ होती. म्हणून ती सकाळ मला अजून नीट आठवते.

दुपारी मला पांदणीपर्यंत जाववले नाही. आई मला परसात घेऊन गेली आणि माझ्या मागे उभी राहिली. जे पडायचे ते पडले, बरेच पडले. आईने वाकून पाहिले, समाधानाने मान हलवली आणि चुलीतली राख आणून वर टाकली. "बाबाले सांगू नोको," ती म्हणाली. मी कधीच सांगितले नाही.

पुढच्या आठवड्यात काड्यापेट्या आल्या, भरल्या गेल्या आणि परत गेल्या. त्या दिवसांत ओसरीच्या टोकाला टेबल मांडून डॉक्टर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेले असत. मुलांना त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या नाकाला तो वास कसा चालतो याचेच नवल वाटायचे.

सोमवारी गाव ओसरीपुढे जमले. बायका एका अंगाला पदर घेऊन उभ्या होत्या, त्यांत आई होती. डॉक्टरांनी सांगितले की शाळेत एक मूल सोडून बाकी सगळ्यांना जंत आहेत, पुष्कळांना दोन तऱ्हेचे आहेत. काही तोंडावाटे पोटात जातात आणि काही अनवाणी पायांच्या कातड्यातून आत शिरतात. पायातून आत शिरतात हे ऐकून लोक हसले. मागून एक म्हातारी म्हणाली, "पायातून शिरते, तं मंग पायात काऊन नाई राहत? पोटात कायले जाते?"

"पोटात जेवण मिळते, आजी," डॉक्टर म्हणाले. तेव्हा डॉक्टरांसकट सगळेच हसले.

मग त्यांनी ते एक मूल पुढे बोलावले. मी बाबांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिले. डॉक्टरांनी विचारले, "हात कशाने धुतेस?"

"राखेनं."

"आणि पायात काय घालतेस?"

"काही नाही."

त्यांना त्याचे आश्चर्य वाटलेले दिसले. बाबा म्हणाले, "घरी शिस्त आहे, डॉक्टरसाहेब." मी बायकांमधल्या आईकडे पाहिले. आई माझ्याकडेच पाहत होती. तिने ओठ मुडपले होते. आम्हा दोघींनाच माहीत असलेली गोष्ट आमच्या दोघींच्या मध्ये होती, आणि क्षणभर मला वाटले की आता घरी गेल्यावर आई मला जवळ घेईल.

पण डॉक्टरांनी त्याच वेळी माझ्या बहिणीला पुढे घेतले. तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली, तिच्या हाताची नखे पाहिली. "हिच्या अंगात रक्त नाही," ते बाबांना म्हणाले. "ही माती खाते का?" बाबांना माहीत नव्हते. आई बायकांमधून पुढे आली. सगळ्या गावादेखत, पुरुषांच्या घोळक्यातून, ती बहिणीपर्यंत आली आणि तिने तिला उचलून कडेवर घेतले. सात वर्षांची मुलगी कडेवर. बहिणीचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. आईने माझ्याकडे पाहिले नाही.

तेव्हापासून आई तिची झाली.

ज्यांना जंत निघाले होते त्यांना औषध मिळाले. ते लाल आणि गोड होते, चमच्याने द्यायचे होते. त्या दिवशी मुलांनी घरी पडून राहायचे होते. बहीण चटईवर निजली, आई तिच्या उशाशी बसली. डॉक्टरांनी तिच्यासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, गूळ, शेंगदाणे आणि पालेभाजी रोज द्यायला सांगितले होते. आई शेंगदाणे भाजून, साले पाखडून, गुळाबरोबर कुटून तिचे लाडू करायची. ते डब्यात असत आणि डबा फळीवर असे. मी एकदा मागितला. आई म्हणाली, "तुले काय झालं? तू तं चांगली हायेस."

मी सांगितले की माझे पोट दुखते. आई हसली. "तुह्या पोटात काईच नाई म्हणून डॉक्टरनं साऱ्या गावापुढं सांगतलं. आता दुखाले काय राह्यलं त्यात?"

शाळेत बाबांनी मला प्रत्येक वर्गात नेऊन उभे केले. स्वच्छता पाळली तर काय होते ते पाहा, असे ते म्हणत. बाबांचा आवाज अभिमानाने चढायचा आणि मी जमिनीकडे पाहायची. मधल्या सुट्टीत मुली मला घेरत. "बाई व, तुह्या पोटात कोणीच राहत नाई? भाड्यानंबी नाई?" असे एक विचारायची. दुसरी म्हणायची, "म्हणून तं अशी काडी. खाल्लं थे पचवाले तं कोणी पाह्यजे." माझे नाव बिनजंताची पडले. माझ्या वर्गातल्या मुली औषधाच्या दिवशी कसे वाटले, कुणाची आई रडली, कुणाला घरी काय खायला मिळाले, याच्या गोष्टी करत. त्यांत सांगायला माझ्याजवळ काही नव्हते.

मला जंत हवे होते. दुसऱ्या कुणाला हे वेडेपणाचे वाटेल, पण तेव्हा मला त्याहून सरळ काही सुचत नव्हते. मी पांदणीत ओल्या जागा शोधून पाय रोवून उभी राहायची. पाय पुरते आत जाऊ देत म्हणून बोटे पसरायची. पाटीवरची पेन्सिल खाऊन पाहिली. भिंतीची मातीसुद्धा खाल्ली, ती बहिणीला का आवडते ते मला कळले नाही. रात्री मुद्दाम दात खायचे, आई ऐकेल म्हणून. आई ऐकायचीही. "मोठे, झोप गुमान," असे अंधारातून म्हणायची, आणि बहिणीच्या अंगावर पांघरूण सारल्याचा आवाज यायचा.

बाबांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून शाळेमागे शौचासाठी चर खणून घेतला होता, तट्ट्यांचा आडोसाही केला होता. त्यात कुणी गेले नाही. पावसाळ्यात तो पाण्याने भरला, तट्टे एका शेतकऱ्याने बैलांच्या गोठ्याला नेले, आणि सगळे गाव पूर्वीसारखेच पांदणीत जात राहिले. पावसाळा सरल्यावर मुले पुन्हा एकमेकांना हाका मारू लागली.

वर्षभराने डॉक्टर पुन्हा येणार असल्याचे कळले. आईने पुन्हा पळसाच्या बिया वाटल्या. बहिणीला यावेळी तिने बोलावलेच नाही. बशी घेऊन ती चुलीपुढे बसली आणि मला म्हणाली, "ये मोठे."

मी उठले नाही. "मी नाही घेत."

"काऊन व?"

"निघू दे मला. सगळ्यांना निघतात."

"बाबा सांगत फिरते का माह्या पोरीले नाईत म्हणून. आता निंघाले तं काय तोंड दाखवतीन लोकाईले?"

"निघू दे."

आईने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिले. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे अशी पाहत होती. "तुले जंत पाह्यजे का व?" तिने विचारले.

मी हो म्हटले. आणि आईला हसू फुटले. आधी ती तोंडावर पदर धरून हसली, मग पदर सोडून हसली, तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "असं पोट्टं पाह्यलं नाई बाप्पा. लोक देवाजवळ काय मागते, अन् हे काय मागून राह्यली." तिने हात पुढे करून माझा गाल ओढला. मी तिच्याकडे सरकले. आणखी थोडी सरकले असते तर तिच्या मांडीला टेकले असते. तेवढ्यात आतून बहिणीने तिला हाक मारली. आई डोळे पुसत उठली आणि आत गेली.

मला निघणार याची मला खात्री होती. वर्षभर मी त्यासाठी पांदण तुडवली होती. डॉक्टर मला पुन्हा पुढे बोलावतील, माझी पापणी ओढून पाहतील, आणि आई बायकांमधून पुढे येईल, असे मी रोज मनाशी रंगवत होते. मी कडेवर बसण्याजोगी राहिले नव्हते, पण हात धरून घरी नेण्याजोगी होते.

डॉक्टर आले तेव्हा त्यांच्याजवळ टेबल नव्हते, सूक्ष्मदर्शक नव्हता, काड्यापेट्याही नव्हत्या. नुसत्या औषधाच्या बाटल्या होत्या. ते बाबांना म्हणाले, "या भागात आता तपासत बसत नाही, गुरुजी. बघितले तेवढे पुरे झाले. सगळ्यांनाच असतात, तेव्हा सगळ्यांनाच देऊन टाकायचे."

बाबा म्हणाले, "माझ्या मोठीला गरज नाही. गेल्या वर्षी आपणच..."

"घेऊ द्या तिलाही," डॉक्टर हसून म्हणाले. "आमचेच पाहण्यात चुकले असेल तेव्हा."

बाबा मुलांकडे वळले. मुलांची रांग लागली. चमचा एकच होता, तो पाण्यात बुडवून पुढच्याच्या तोंडात जायचा. माझी पाळी आली, मी तोंड उघडले, औषध गिळले आणि पुढे झाले. माझ्या पोटात काय होते ते कुणी पाहिले नाही. कुणी पाहिले नाही म्हणून ते कुणाला कळलेही नाही. रस्त्याने जाताना एक मुलगी म्हणाली, "झाली व तू आमच्यातली," आणि मला तिचा राग आला. मला त्यांच्यातली व्हायचे नव्हते.

घरी येऊन मी बहिणीच्या चटईवर आडवी झाले. आईने विचारले, "काय झालं?"

"औषध घेतलं."

"साऱ्याईनंच घेतलं. ऊठ, लहानीजवळ बस जराशी, मी पाणी घेऊन येतो."

मी उठले आणि बहिणीजवळ बसले.

पुढे मला शिकायला वर्ध्याला ठेवले. मोठी धडधाकट आहे, कुठेही राहील, असे आई सगळ्यांना सांगायची. मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले, पुस्तकांत रमले. बहिणीला आईने फार शिकवले नाही आणि जवळच्याच गावी दिली. बाबा गेल्यावर आई तिच्याकडेच राहिली, तिच्याच हातून शेवटचे पाणी प्यायली. मी पोचले तेव्हा आईला अंगणात आणून ठेवले होते.

काही वर्षांपूर्वी, आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, मी बहिणीला पळसाच्या बियांची गोष्ट सांगितली. तिला ती सकाळ आठवत नव्हती. ती शेंगा सोलत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले आणि ती मोठ्याने हसली. "म्हंजे थे चाटण म्या थुकलं म्हणून मले माय भेटली?"

मी म्हटले, "होय."

"अन् तू गिळलं म्हणून तुले पुस्तकं?" ती पुन्हा हसली आणि मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. "मंग तूच थुकाचं होतं ना व मोठे. कोणी धरलं होतं तुले?"

आईने धरले होते. हनुवटीला धरले होते. पण ते मी तिला सांगितले नाही. तिच्याजवळ आईचे एवढे होते, त्यात हेही तिला द्यावेसे मला वाटले नाही.

आता ती गेली. तेराव्यानंतर तिच्या मुली मला थांबा म्हणत होत्या, पण मी निघाले. त्यांनी आजी पाहिली ती वाकलेली, दात पडलेली. चुलीपुढे बशी घेऊन बसलेली, काळ्या केसांची, हसून डोळ्यांत पाणी आणणारी आई पाहिलेले माणूस आता माझ्याखेरीज कुणी नाही.